गिरणगावची मैदाने आणि तालमीही आराखड्यात धरा

मा. गृहनिर्माणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

लालबाग, परळ, नायगाव, वरळी, डिलाईल रोड या मुंबईच्या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, चाळी जाऊन टॉवर उभे राहत आहेत. ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबांचा आनंद आम्हालाही आहे. सामाईक संडासापुढची रांग आता कोणाच्याच लेकीसुनेच्या वाट्याला येऊ नये. पुनर्विकास हवाच. आमची तक्रार एवढीच, की त्यात खोल्या मोजल्या जातात, वस्ती मोजली जात नाही.

गिरणगाव खोलीत कधी मावलेच नाही. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोलीत वळकटी टाकायचा. एकाची गिरणीतली पाळी सुरू झाली की दुसऱ्याला पाठ टेकायला जागा मिळायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे. बाकीचे सगळे आयुष्य गॅलरीत, पटांगणात, तालमीत, भजनी मंडळात. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लालबावटा कलापथकाला श्रोता मिळाला तो इथलाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबले, तेव्हा कितीतरी घरे गावच्या तांदळावर आणि शेजारच्या उसनवारीवर तगली.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, ते आपण जाणताच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळ्या जागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि गिरणीमालकाला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली. पालिका आणि म्हाडाचा वाटा आक्रसला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये आली. हा अन्याय होता, आणि चाळींच्या बाबतीत तो पुन्हा होऊ देऊ नका.

प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी त्या चाळीची मैदाने, व्यायामशाळा, मंडळांच्या जागा यांची नोंद करा आणि निदान तेवढी जागा जमिनीवरच परत द्या. वाहनतळाच्या छतावरची बाग म्हणजे मैदान नव्हे. तिथे कबड्डीचा मातीचा आखाडा होत नाही. गावकीच्या खोलीची भाडेपावती अनेकदा एकाच माणसाच्या नावावर असते. त्या खोलीच्या बदल्यातले घर त्या एकट्याला न जाता गावमंडळाला मिळेल, अशी तरतूद करा.

ही नोंद करायला रहिवासी मंडळे आपल्या अधिकाऱ्यांबरोबर मजला-मजला फिरतील. आपण फक्त तसा आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
गिरणगावचा एक रहिवासी