कान खाली दे

लाइप्झिग, शनिवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझी तक्रार पोचली. इटलीच्या विवाल्डीचे ‘चार ऋतू’, म्हणजे बरोक काळातलं युरोपीय संगीत, ऐकलंस, आवडलंही, पण ‘सगळे एकदमच बोलतात, कान कुणाकडे द्यायचा?’ अरे, कान खाली दे. वर व्हायोलिनं काय नाचतात ते आपोआप ऐकू येतं. तू तळाचा आवाज पकड. पेटीवर तीच धून फिरवत तबलजींना लेहरा देण्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे मी सांगावं म्हणजे कमालच.

बरोक म्हणजे युरोपीय संगीतातला ढोबळमानाने 1600 ते 1750 हा काळ. नाव मागाहून चिकटलं, तेही हेटाळणीनं. वेड्यावाकड्या मोत्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आलं म्हणतात. (जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चला गेलो होतो, आठवतं? 1605 चं. त्याच वळणाचं.) या दीडशे वर्षांत जवळजवळ प्रत्येक रचनेच्या तळाशी एक जोडी ठाण मांडून असते: चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) किंवा त्याचा एखादा भाऊबंद, आणि सोबत हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य) नाहीतर ऑर्गन. हा बासो कंटिन्युओ, न थांबणारा खर्ज. आणि गंमत ऐक. हार्पसिकॉर्डवाल्यापुढे फक्त डाव्या हाताची ओळ असते आणि तिच्याखाली आकडे. 6 दिसला की त्या सुरापासूनचा तिसरा आणि सहावा सूर घ्यायचा. कुठल्या सप्तकात, किती भरून, एकदम की उलगडत, ते त्यानं बसल्या जागी ठरवायचं. ‘हे लोक सगळं कागदात बघून वाजवतात’ हा तुझा जुना टोमणा आता मागे घे.

हार्पसिकॉर्डमध्ये हातोडी नसते. पट्टी दाबली की पिसाच्या देठाची नखी तार छेडते. जोरात दाब, हळू दाब, आवाज जवळपास तेवढाच. तुझा जीव पेटीच्या भात्यात, तू दोन मिनिटांत वैतागशील. पण चांगला वादक एखादा सूर केसभर उशिरा आणतो, एखादा तोडतो, एखाद्यावर मुरकी घेतो, आणि त्या कोरड्या टणत्कारातून रडू काढतो.

आता तुझ्यासाठी खास चीज. इंग्लंडचा रचनाकार पर्सेल, 36 व्या वर्षी गेला. 1689 च्या सुमाराचा त्याचा ‘डिडो अँड इनियस’ हा ऑपेरा. शेवटी प्रियकरानं टाकलेली राणी डिडो मरणाआधी गाते. आधी नुसता बास, म्हणजे तळाची ओळ, एकदा वाजतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, आणि मग वळसा घेऊन परत सा. पाच मापं, प्रत्येकी तीन ठोके, म्हणजे पंधरा मात्रांचं आवर्तन! तेच अकरा वेळा. खाली लेहरा रेसभर हलत नाही आणि वर बाईची ओळ समेवर संपायला तयार नाही, आवर्तनाचा काठ ओलांडून पुढे जाते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मात्रा मोजता मोजता अकराव्याला बोटं थांबलीच.

हेंडेल, डोमेनिको स्कार्लाटी आणि बाख, बरोकचे तीन मोठे रचनाकार, तिघेही 1685 साली जन्मलेले. हेंडेलबद्दल पुन्हा कधी. बाखबद्दल आज लिहायलाच हवं, कारण दुपारी टोमासकिर्शेत, इथल्या सेंट थॉमस चर्चमध्ये, होतो. 1723 पासून मरेपर्यंत तो इथेच नोकरीला होता, आता तिथेच पुरलाय. विशीतला बाख ऑर्गनवादक बुक्स्टेहूडला ऐकायला आर्नश्टाटहून ल्यूबेकला गेला, चारेकशे किलोमीटर, म्हणतात पायी. रजा चार आठवड्यांची, परतला चारेक महिन्यांनी. वरिष्ठांनी झापलं. गुरूसाठी असं वागलेली माणसं आपल्याकडेही कमी नाहीत, म्हणून मला तो लगेच घरचा वाटला.

आज चर्चच्या गायकवृंदातली पोरं मागच्या सज्जात गात होती, मी पाठमोरा बसलेला. कोण गातंय ते दिसत नाही, तेव्हा ऑर्गनचा खर्ज आधी बाकातून कळतो आणि मग कानात येतो.

ते सहा सूर पेटीवर काढ, पंधरा मात्रांत बसव आणि रेकॉर्डिंग पाठव. तबलजीला मात्र बोलावू नकोस, तो दुगुन लावेल, लय दुप्पट.

तुझा,
नंदू