खडकाळ रानासाठी लेव्हलर घेताना रुंदी नको, वजन आणि दात बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेतीच्या पानावर छोट्या ट्रॅक्टरच्या अवजारांची ओळख करून देणारा मजकूर आला होता. रोटाव्हेटर, पलटी नांगर, फवारणीचा ब्लोअर यांची माहिती चांगली सविस्तर होती. जमीन सारखी करणाऱ्या लेव्हलरला मात्र दोनच ओळी मिळाल्या, आणि त्यांत सांगितलं ते एवढंच, की ट्रॅक्टरच्या एचपीप्रमाणे चार, पाच किंवा सहा फुटी लेव्हलर घ्यावा. काळ्या, भुसभुशीत रानाला हे चालेल. आमच्या माणदेशातल्या माळाला चालत नाही. इथे फूट मोजून लेव्हलर घेतला की पैसेही जातात आणि ट्रॅक्टरही खिळखिळा होतो, हे मी आसपासच्या वस्त्यांवर बघते आहे.

मी आटपाडी तालुक्यात डाळिंब करते. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आमच्याकडे आलं, आणि जिथे कुसळं आणि मेंढरं यांच्यापलीकडे काही नव्हतं ते माळ लोकांनी लागवडीखाली आणायला घेतले. वरती वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, मुरमात डोक्याएवढे गोटे, आणि मधेच कातळाची पाठ वर आलेली. डाळिंबाला असं हलकं, निचऱ्याचं रान मानवतं. साडेचार मीटर बाय तीन मीटरची लागवड असते, झाडं पसरली की मधून मोठा ट्रॅक्टर नेणं अवघड, म्हणून जो तो छोटा ट्रॅक्टर घेतो. माझाही २४ एचपीचा, चारही चाकांना ओढ असलेला आहे आणि तो मीच चालवते. ओळींमधली पट्टी सारखी करणं, पावसाने पडलेल्या घळी बुजवणं, वस्तीचा रस्ता ओढणं, तालीची, म्हणजे बांधाची, माती चढवणं ही सगळी कामं त्याच्यावर. त्यामुळे मागे कोणता लेव्हलर आहे यावर वर्षाचं निम्मं काम अवलंबून असतं.

साधा लेव्हलर म्हणजे मागे एक आडवी पात. गोटा लागला की ती त्याच्यावरून उडी मारते आणि पुढे धप्पकन पडते. रान सारखं होण्याऐवजी त्याला लाटा येतात. शिवाय मुरूम दोन्ही बाजूंनी सांडत जातो. बॉक्स ब्लेड म्हणजे पेटीचा लेव्हलर: दोन्ही बाजूंना उभ्या पाट्या, मागे-पुढे तोंड केलेल्या दोन पाती, आणि त्यांच्या पुढे खालवर करता येणारे दात. उंचवट्यावरचा मुरूम पेटीत भरतो आणि खोलगटात नेऊन सोडता येतो. माझे सासरे बैलांच्या केणीने हेच काम करायचे, केणीच्या दांड्यावर अंगाचा भार टाकून. पेटीचं तत्त्व तेच, फक्त तो भार आता लोखंडात पाहिजे.

मला मुख्य सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. दुकानदार रुंदी सांगतो, कारण रुंदी डोळ्यांना दिसते. वजन विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. माझी पेटी ४ फुटी आहे आणि तिचं वजन १६० किलो आहे, म्हणजे पातीच्या दर फुटावर ४० किलो. शेजारच्या वस्तीवर ६ फुटी लेव्हलर आला, तो १५० किलोचा. दर फुटाला २५ किलो. दोन्ही एकाच माळावर चालवून बघितले. त्यांची पात मुरमावर नुसती घासत गेली, माझी त्याच मुरमात रुतली. अवजार कठीण जमिनीत शिरतं ते दर फुटाच्या भारावर आणि दाताच्या टोकावर. दीड पट रुंद पात घेतली म्हणून काम दीडपट होत नाही. इथे तर ते होतच नाही.

दुसरी गोष्ट ओढीची. छोट्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण सहाशे ते नऊशे किलो. मंद गतीच्या ओढकामात किती ओढ मिळेल हे एचपीपेक्षा वजनावर आणि चाकाच्या पकडीवर ठरतं, आणि सुट्या मुरमावर पकड आधीच कमी. सहा फुटी पेटी मुरमाने भरली की हा ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवतो, टायर झिजतात, डिझेल जळतं. म्हणून रुंदी ठरवायची ती आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरून. दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर टेपने मोजावं आणि पेटी त्याहून दोन्हीकडे दोन-तीन इंच जास्त असावी, म्हणजे चाकाचा वळ पुसला जातो. बहुतेक बागेच्या ट्रॅक्टरांना चार फूट पुरतात. त्याच्यावरचे पैसे रुंदीला न देता पोलादाला द्यावेत.

दात हवेतच, आणि चार फुटाला चार पुरतात. जास्त दात म्हणजे भार वाटला जाऊन कोणताच दात रुतत नाही. दाताला दोन-तीन भोकं असावीत, म्हणजे पिन काढून तो पातीच्या खाली दोन इंच, चार इंच सोडता येतो किंवा पूर्ण वर घेता येतो. दाताचं टोक वेगळं, बदलता येणारं असावं. अख्खा दात एकाच पट्टीतून कापलेला असेल तर टोक झिजलं की सगळाच दात गेला. आम्ही आधी चारही दात सोडून आडवा-उभा फेरा मारतो, गोटे मोकळे करतो, ते वेचून तालीला लावतो, आणि मग दात वर घेऊन पातीने सारखं करतो. ट्रॅक्टर आणि पेटी यांना वरून जोडणारा दांडा, म्हणजे वरची लिंक, आखडली की पेटीचं नाक खाली जातं आणि दात चावतात. लिंक लांब केली की मागची पात टेकते आणि चोपून सपाट करते. एवढी एक गोष्ट हाताला बसली की निम्मं काम शिकल्यासारखं आहे. मागची पात काही पेट्यांत बिजागरीवर झुलती येते. ती मऊ रानात सुंदर काम करते, पण आमच्याकडे बिजागरीत खडे अडकून बसतात. खडकाळ रानाला मागची पातही घट्ट बसवलेलीच घ्यावी.

पात वेल्डिंगने चिकटवलेली असेल तर घेऊ नये. ती बोल्टने बसवलेली, दोन्ही कडांना धार असलेली हवी, एक कड झिजली की उलटून लावता येते. बोल्ट नांगराच्या फाळाचे असतात तसे, सपाट डोक्याचे आणि चौकोनी मानेचे हवेत. साध्या बोल्टचं डोकं बाहेर राहतं आणि गोट्यावर घासून दोन दिवसांत उडतं. कडक केलेल्या बोरॉन पोलादाच्या पातीवर गावातल्या वेल्डरने टाका मारला की तेवढ्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि तिथेच ती वाकते किंवा तुटते. बाजूच्या पाट्या किती जाड आहेत ते कॅलिपरने मोजून बघा, लाज वाटू देऊ नका. चार-पाच मिलिमीटरची पाटी कातळाच्या कडेला एकदा घासली की पत्र्यासारखी आत येते. आठ मिलिमीटरची टिकते.

काही पेट्यांच्या दातांना मुद्दाम कमी ताकदीचा बोल्ट दिलेला असतो, की दात पक्क्या कातळात अडकला तर बोल्ट तुटावा आणि बाकीचं वाचावं. तो तुटतो म्हणून वैतागून लोक त्याच्या जागी ८.८ छापलेला कडक बोल्ट घालतात. मग बोल्ट तुटत नाही, पेटी उचलणारा लिफ्टचा हात वाकतो. वीस-तीस रुपयांच्या बोल्टसाठी ट्रॅक्टरचा हात घालवू नये. तसंच, पेटीने मागे रेटत माती ढकलता येते, पण गोटा दिसत असताना ट्रॅक्टर मागे नेऊन त्याच्यावर आदळू नये. तीन टोकांची जोडणी ओढण्यासाठी केलेली आहे, मागून बसणारा दणका ती सोसत नाही.

जोडणीच्या पिनाही बघाव्यात. छोट्या ट्रॅक्टरला बहुतेक कॅटेगरी १ ची जोडणी असते: खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी २ च्या पिना २८ आणि २५ मिलिमीटरच्या. मोठ्या ट्रॅक्टरची जुनी पेटी स्वस्तात मिळाली म्हणून काही जण पिना बदलून ती छोट्याला लावतात. ती जड असते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. अवजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे. कमी पडत असेल तर पुढे वजनं लावायची. लिफ्टची क्षमता पुस्तकात किती लिहिली आहे एवढंच न बघता ती कुठे मोजली आहे हेही विचारावं. खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेला आकडा मोठा असतो. तिथून ६१० मिलिमीटर मागे मोजला की कमी होतो, आणि आपली पेटी मागेच लटकलेली असते.

संपादक महोदय, आता ज्या गोष्टीसाठी मला राहवत नाही ती लिहिते. हलका लेव्हलर रुतत नाही म्हटल्यावर लोक त्याच्यावर माणूस उभा करतात. कधी गडी, कधी घरातलंच शाळकरी पोर. पोरांना ती गंमत वाटते. दात कातळाच्या फटीत अडकला की ट्रॅक्टर हिसका खातो, आणि वर उभं असलेलं माणूस पुढे, चाक आणि पेटी यांच्या मध्ये फेकलं जातं. चालवणाऱ्याचं लक्ष पुढे असतं, त्याला कळेपर्यंत पेटी अंगावरून गेलेली असते. पेटीवर माणूस कधीही, कुणीही, कितीही थोड्या अंतरासाठी उभा करू नये. वजन वाढवायचंच असेल तर चौकटीला भंगारातले लोखंडी तुकडे बोल्टने आवळावेत. आणि वजन वाढवावं लागणार नाही अशीच पेटी मुळात घ्यावी. मी वजनाचा एवढा आग्रह धरते त्याचं मोठं कारण हे आहे.

असाच दुसरा धोका साखळीचा. दाताने हललेला मोठा धोंडा काढायला लोक साखळी वरच्या लिंकच्या जागी बांधतात. ओढ चाकांच्या आसापेक्षा वरून लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ओढदांड्यालाच, म्हणजे ड्रॉबारलाच बांधावी. खरं तर मोठ्या धोंड्याच्या नादी छोट्या ट्रॅक्टरने लागूच नये. आपल्याकडचा काळा पाषाण फूटभर लांब-रुंद-उंच असला तरी ८० किलोच्या आसपास भरतो, आणि जमिनीत दिसतो त्याच्या कितीतरी पट तो खाली असतो. तिथे तासावर जेसीबी बोलवावा, आणि पेटीने त्याच्या मागचं काम करावं.

वेळेचंही सांगते. चैत्र-वैशाखात रान मोकळं असतं म्हणून सगळे तेव्हाच लेव्हलर जुंपतात. त्या वेळी मुरूम दगडासारखा झालेला असतो. वळवाचे एक-दोन पाऊस होऊ द्यावेत, रान वाफशावर येऊ द्यावं, मग दात सोडावेत. तीच पेटी, तोच ट्रॅक्टर, पण दात निम्म्या जोरात चालतात आणि गोटा अख्खा सुटून वर येतो. त्याआधी वरची वीतभर माती एका कडेला ओढून ठेवायची, खालचा मुरूम सारखा करायचा आणि माती परत पसरायची. हे न करता सरळ उंचवटा कापला तर चांगली माती खोलगटात गाडली जाते आणि उघड्या मुरमावर लावलेली रोपं वर्षानुवर्षं उठत नाहीत. बागेत चालवणार असाल तर ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळा आणि झाडाच्या घेरात दात सोडू नका, मुळं तुटतात.

आपल्याला माझी विनंती अशी, की यापुढे अवजारांची माहिती छापताना लेव्हलरच्या रुंदीबरोबर त्याचं वजन, पाटीची जाडी, पिनांची कॅटेगरी आणि पात बोल्टची आहे की वेल्डिंगची हेही छापावं. बनवणाऱ्यांनी हे सगळं अवजारावरच एका पट्टीवर कोरून द्यावं, जसं मोटारीच्या पट्टीवर तिची ताकद कोरलेली असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राने छोट्या ट्रॅक्टरच्या पेटी लेव्हलरचं एखादं प्रात्यक्षिक मुरमाड माळावर घ्यावं, हलकी आणि जड पेटी शेजारी-शेजारी चालवून. बायकांनाही बोलवावं. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या सीटवर आता बऱ्याच जणी बसतात, पण अवजार घ्यायला दुकानात मात्र घरातला पुरुषच जातो, आणि तो रुंदी विचारून येतो.

कळावे,

आपली,
एक डाळिंब उत्पादक शेतकरी
ता. आटपाडी, जि. सांगली