मास्तरकीची पोस्टिंग

धानोरी, पुणे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. निखिल फ्लाइंग इन्स्ट्रक्टरच्या कोर्ससाठी चेन्नईजवळच्या तांबरमला निघालाय हे वाचून मी हिला पेढ्यांचं सांगणार, तेवढ्यात तुझी पुढची ओळ आली: "चांगला लढाऊ स्क्वाड्रनमध्ये होता, आता पोराला मास्तर करून टाकलं. काहीतरी बिनसलंय." अरे, अख्खी हयात फळ्यापुढे काढलेल्या माणसाने हे लिहावं? वहिनींनी वाचलं नाही ना?

बिनसलेलं काही नाही. ज्याच्या उड्डाणाचा भरवसा नाही, त्याच्या हाती हवाई दल दुसऱ्याचं कोवळं पोर देईल का? तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलला निवडून पाठवतात. शेतकरी कणगीतलं सगळं विकतो, पण बियाण्याला ठेवलेल्या कणसांना हात लावत नाही, तसा हा मामला आहे.

तू विचारलंस, "ट्रेनिंग कमांड म्हणजे नक्की काय? तिच्या नावावर एकही लढाई नाही." हे नीट सांगतो. हवाई दलात माणसं शिकवणारी, घडवणारी शाखा म्हणजे ट्रेनिंग कमांड. मी त्याच घरचा. साधा इंजिन फिटर असेन, पण सांबऱ्याला कवायत, जालहळ्ळीला इंजिन आणि मग हैदराबादजवळच्या हकीमपेटची फ्लाइट लाइन, म्हणजे विमानं उड्डाणाला सज्ज करायची जागा, असा माझा पाया त्याच कमांडने घातला. वैमानिकांचं सगळे बोलतात, पण एअरमन, म्हणजे अधिकाऱ्यांखालचे माझ्यासारखे हवाई सैनिक, घडवणाऱ्या शाळाही तिच्याकडेच. बेळगावशेजारच्या सांबऱ्याला आपल्याकडची किती पोरं गेली असतील, तूच आठव.

1932 मध्ये हवाई दल उभं राहिलं तेव्हा आपले पहिले वैमानिक इंग्लंडला क्रॅनवेलला शिकून आले. युद्धात इथे शाळा निघाल्या. फाळणीत रिसालपूर, कराची, लाहोर तिकडे गेलं, अंबाला-जोधपूर आपल्याकडे राहिलं. विमानांची वाटणी सगळ्यांना ठाऊक असते, शाळांचीही झाली हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मग 22 जुलै 1949 रोजी हवाई दलाचे दोन कमांड केले, एक लढणारा आणि एक शिकवणारा. आपला शिकवणारा बंगळूरला, आजही तिथेच. देशाकडे पैसा नाही, काश्मीरची लढाई नुकती थांबलेली, आणि तरी शिकवण्याला लढण्याच्या बरोबरीचा दर्जा दिला. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला माझा सलाम.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. स्वतंत्र भारतात पोरं ज्यावर उडायला शिकली ते एचटी-2 विमान बनवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे तुमच्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत ग्योटिंगेनला विमानशास्त्रातले मोठे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला माणूस. ऑगस्ट 1951 मध्ये जमशेद मुन्शींनी ते विमान पहिल्यांदा उडवलं. पहिलं आपलं विमान बनवायचं तर लढाऊ नको, शिकाऊ हवं, हा विचारच मला मोठा वाटतो. पुढे जेट शिकवणारं किरण आलं, 1964 सालचं. त्याचं व्हायपर इंजिन अजून माझ्या बोटांना पाठ आहे.

किरणमध्ये गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात. पोराचा हात कुठे घुटमळतोय, घाम कुठे फुटलाय, सगळं दिसतं. सकाळच्या पहिल्या सॉर्टीआधी, म्हणजे उड्डाणाआधी, आम्ही सर्व्हिसिंग उरकून फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सह्या करायचो, मग इन्स्ट्रक्टर आपली सही करायचा, आणि मागून पोरगं यायचं, रात्रभर चेकलिस्ट घोकलेलं, ओठ हलतायत. विमान परत आलं की इंजिनाआधी मी चेहरे बघायचो. डिब्रीफ, म्हणजे उड्डाणानंतरची चर्चा, आत खोलीत व्हायची, पण निकाल टारमॅकवरच कळायचा. एक सांगतो, ज्या इन्स्ट्रक्टरचा आवाज सर्वांत हळू, त्याचीच पोरं आधी सोलो, म्हणजे एकटी उडायला, जायची. आरडाओरडा करणारेही होते, नाही असं नाही.

आता कडू भाग. शिकवण्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, ते या देशाने पाहिलंय. वाढत्या अपघातांनंतर 1982 च्या ला फाँतेन समितीने सांगितलं, प्रगत जेट ट्रेनर घ्या, म्हणजे शिकाऊ जेट आणि लढाऊ विमान यांच्या मधली पायरी. हकीमपेटला किरण आणि पोलंडचं इस्क्रा, आणि तिथून पोरगं तेजपूरला थेट मिग-21 वर. त्या विमानाचा उतरण्याचा वेगच जीव घेणारा. मधली पायरीच नाही. त्या मधल्या पायरीच्या ब्रिटिश हॉक विमानाच्या करारावर सह्या कधी झाल्या? 2004 मध्ये. बिदरला ते दाखल झालं 2008 मध्ये. बावीस वर्षं फायली फिरत होत्या रे. सगळे अपघात या एकाच कारणाने झाले असं मी म्हणणार नाही, इंजिनं, सुटे भाग, पक्षी, चुका, सगळं होतं. पण मधली पायरी काढून घ्यायची आणि पोरगं पडलं की "वैमानिकाची चूक" लिहायचं, हे मला कधी पटलं नाही.

सुरुवातीच्या पायरीचं तेच. जुलै 2009 मध्ये दीपक या सुरुवातीच्या शिकाऊ विमानाच्या अपघातात दोन इन्स्ट्रक्टर गेले आणि दीपक विमानं जमिनीवरच बसवली. पहिल्या दिवसापासून पोरांना किरणवर चढवावं लागलं. 2013 मध्ये स्वित्झर्लंडची पिलाटस शिकाऊ विमानं दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत आली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. अशा काळात नवी विमानं नसतात, असतात ते फक्त इन्स्ट्रक्टर. त्यांनीच रेटून नेलं.

आणि "एकही लढाई नाही" म्हणतोस? 5 डिसेंबर 1971, लोंगेवाला. पाकिस्तानी रणगाडे वाळूत ज्यांनी टिपले ती जैसलमेरची हंटर विमानं नेहमीच्या लढाऊ स्क्वाड्रनची नव्हती. जामनगरला शस्त्रांचा मारा शिकवणाऱ्या विंगची विमानं आणि तिथलेच इन्स्ट्रक्टर, ऐन वेळी 122 स्क्वाड्रन म्हणून उभे केलेले. ती विंग ट्रेनिंग कमांडची होती की दुसऱ्या कुणाची, यावर वाद घालू नकोस. होते मास्तरच.

बढतीची काळजी असेल तर तीही सोड. एअर चीफ मार्शल भदौरिया ट्रेनिंग कमांडचे प्रमुख होते, त्याच 2019 सालात पुढे हवाई दलप्रमुख झाले. त्यांच्यानंतरचे विवेक राम चौधरी आपल्या नांदेडकडचे, इथल्याच खडकवासल्याच्या एनडीएतून निघालेले, आणि फ्लाइंग इन्स्ट्रक्टर.

निखिलला तांबरममध्ये सर्वांत जड जाईल ते 'पॅटर'. हात जे करतोय ते त्याच क्षणी तोंडाने सोप्या शब्दांत सांगायचं, आणि विमान तसूभर हलू द्यायचं नाही. मग म्युच्युअल सॉर्टी, त्यात बरोबरीचाच एक जण मुद्दाम ढ विद्यार्थी बनून चुका करतो. हे ऐकून तो हसेल, पण तुझी मदत घे म्हणावं. त्रैराशिक चौथ्यांदा सांगतानाही तुझा आवाज चढत नसे, हे त्याने लहानपणी पाहिलंय.

नंतर बिदर मिळालं तर सोन्याहून पिवळं. उदगीर जवळ, बाजारात मराठी चालते, वहिनींना जायला सोपं. हॉकमध्ये इन्स्ट्रक्टर मागे बसतो, चेहरा दिसत नाही, आवाजावरून ओळखावं लागतं. ते त्याचं तो शिकेल.

तांबरमला दमट हवा फार, सुती बनियन जास्त द्या. निखिल निघताना पुण्यावरून जाणार असेल तर गाडीची वेळ कळव, स्टेशनवर डबा घेऊन येतो. आणि गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन पुण्यात करणार असशील तर आमच्याकडेच उतरायचं, खालच्या मजल्यावरची खोली रिकामीच आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास