साठी विजापुरात

पुणे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आईची साठी भिशीतल्या आठहीजणी मिळून बेळगावहून विजापुरात जाऊन करणार हे पक्कं झालं, फार बरं झालं. फोनवर आईने चार गोष्टी विचारल्या आणि बाबांनी मधेच आठ, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. हा कागद गाडीत बरोबर ठेवा.

आधी यादीबद्दल. तुम्ही पाठवलेल्या यादीत अकरा ठिकाणं आहेत आणि हातात मधला एकच पूर्ण दिवस. एवढं सगळं करायला गेलात तर प्रत्येक ठिकाणी फक्त फोटो निघतील आणि संध्याकाळी गुडघे धरून बसाल. गोल घुमट आणि इब्राहीम रोजा ही दोन नीट बघा. मलिक-ए-मैदान तोफ आणि बारा कमान ही अर्धवट राहिलेली कबर जाता येता होतात. नरसोबाला जायचं म्हणालात तर नाही म्हणत नाही, किल्ल्यातलं ते देऊळ लहान आहे आणि वाटेवरच आहे. आसार महाल यादीतून काढा, तिथे आत बायकांना सोडत नाहीत. आठहीजणी बायकाच असताना दारापर्यंत जाऊन परत यायचं कशाला? उपळी बुरूजही नको. त्याच्या पायऱ्या बाहेरून वळत वर जातात, आणि साडी सावरत तिथे चढण्यात शहाणपणा नाही.

आता गाडी. कोपऱ्यावरच्या काकू म्हणतायत की शक्ती योजनेत तिकीट फुकट आहे, मग टेम्पो कशाला. बरोबर आहे, ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्सप्रेस बसला तिकीट लागत नाही. पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला हवा. आपल्यातल्या ज्या मावशी मुलाकडे कोल्हापूरला राहायला गेल्या आणि तिकडचं आधार करून घेतलं, त्यांना पूर्ण तिकीट पडेल. (त्या महाराष्ट्रातल्या एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं सांगतील, पण ते हद्दीपर्यंतच.) शिवाय फुकट झाल्यापासून गर्दी अशी असते की आठजणींना एकत्र जागा मिळणं कठीण. बसनेच जायचं तर जिथून बस सुटते तिथूनच चढा, मधल्या थांब्यावर नाही, आणि आधार मूळ घ्या.

माझं मत टेम्पो ट्रॅव्हलरलाच आहे, पण भाव ठरवताना एक गोष्ट नीट समजून घ्या. बेळगाव ते विजापूर २०० किलोमीटरच्या थोडं वर. येऊन जाऊन आणि गावात फिरून ४५० च्या आसपास होतील. पण गाडीवाले दिवसाला किमान किलोमीटर लावतात, कुणी २५०, कुणी ३००. तीन दिवसांचे ३०० प्रमाणे ९०० झाले, म्हणजे चालली त्याच्या दुप्पट. त्यात मीटर त्यांच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. म्हणून किलोमीटरवर जाऊच नका, तीन दिवसांचा ठोक भाव विचारा. त्यात डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याचं रात्रीचं झोपणं हे सगळं आलं का ते एकेक करून विचारा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. तोंडी ठरलेलं परतीच्या दिवशी बदलतं. ठोक भाव परवडला नाही तर नुसतं सोडायला आणि न्यायला बोलवा. मधल्या दिवशी गावात तीन रिक्षा केल्या तरी भागतं.

गाडी पिवळ्या पाटीची असू दे. आणि वाट आधीच ठरवा: गोकाक, मुधोळ, जमखंडी, विजापूर. ड्रायव्हर मिरज किंवा जतवरून जाऊ म्हणाला तर आधी त्याच्या परमिटचं विचारा. नुसतं कर्नाटकाचं परमिट असलं तर महाराष्ट्रात शिरताना तात्पुरतं परमिट काढावं लागतं, आणि नाक्यावर अडकल्यावर खर्च तुमच्या माथी येतो. आपल्याकडे हद्द दर तासाला आडवी येते, म्हणून हे एवढं लिहिलं.

सकाळी सहाला निघालात तर जेवायच्या वेळेआधी पोचाल. पहिला थांबा गोकाकात, दुसरा जमखंडीत. दोन्ही थांब्यांना सगळ्यांनी उतरायचंच, लागली असो वा नसो, कारण जमखंडीनंतर मधे चांगली सोय नाही. पाणी प्यायचं टाळून प्रवास काढायची आपल्या बायकांची खोड आहे. त्यानेच दुपारी डोकं धरतं. ज्यांना बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते त्यांनी त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारावं, आपल्या मनाने बंद करू नये. जमखंडी सोडल्यावर चिक्कपडसलगीला कृष्णा लागते. तिथला बंधारा शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतः बांधला, १९८९ साली. ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगा.

राहायचं लॉज बुक करताना फोटो बघू नका, फोन करून विचारा. लिफ्ट आहे का, नसेल तर खालच्या मजल्यावर तीन खोल्या मिळतील का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि खोली २४ तासांची की दुपारी बाराला सोडायची. तिघीतिघींची खोली म्हणजे दोन पलंग आणि एक जमिनीवरची गादी असते. खाली कोण झोपणार हे इथेच ठरवा. जोडगादीवर तिघी झोपवू म्हणतील, नको. आणि बेत संक्रांतीपर्यंत पुढे ढकलू नका, तेव्हा सिद्धेश्वराची जत्रा असते, खोली मिळत नाही.

पोचल्या दिवशी जेवून झोपा. चारनंतर इब्राहीम रोजा. ऊन उतरलेलं असतं आणि चढ फारसा नाही, म्हणून पहिल्या दिवसाला तोच बरा. समोरासमोर मशीद आणि कबर, मधे हौद. खिडक्यांच्या दगडी जाळ्या जवळून बघा, अक्षरंच कोरून जाळी केली आहे, उजेड अक्षरांमधून आत येतो. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची ही कबर. गाण्याचा वेडा आणि सरस्वतीला मानणारा हा बादशहा १६२७ साली गेला. परतताना तोफ बघा. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी सिंहाच्या जबड्यात चिरडलेला हत्ती.

दुसरा दिवस गोल घुमटाचा, आणि तो वाढदिवसाचाच दिवस आहे. दार सहाला उघडतं, तुम्ही सातला पोचा. डिसेंबरात शाळांच्या सहली नऊपासून येतात, आणि एकदा ती पोरं वर ओरडायला लागली की एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला ऐकायचं विसरा. तिकीट माणशी २५ रुपयांच्या आसपास, मोबाईलवर काढलं तर थोडं कमी. समोरच्या नगारखान्यात वस्तुसंग्रहालय आहे. ते उशिरा उघडतं आणि शुक्रवारी बंद असतं, म्हणून घुमट आधी, ते नंतर.

वर जायचा जिना कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांत आहे. सात मजले, शंभराहून जास्त पायऱ्या, उंच, अरुंद आणि सारख्या मापाच्या नाहीत. अंधार असतो, म्हणून मोबाईलचा दिवा लावा, पण मोबाईल हातात नको, कुणीतरी मागून धरावा. हात भिंतीला मोकळा हवा. प्रत्येक मजल्याला खिडकीशी थांबायचं, दम लागला म्हणून नाही, लागायच्या आधी. सहावारी साडी नको, पंजाबी ड्रेस नसेल तर नऊवारी बरी. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त बोलतो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून तिरकं उतरा. ज्या मावशींचा गुडघा बदललाय त्यांनी खालीच थांबायचं. त्यांना बाजूला पडल्यासारखं वाटू नये म्हणून एकीने त्यांच्याबरोबर राहावं, आणि ती एक आई नव्हे. चपला काढाव्या लागल्या तर दगड सकाळी थंडगार असतो, जुने मोजे पर्समध्ये टाका.

वर गच्चीवर आलं की आधी पाच मिनिटं श्वास घ्या, मग दारातून आतल्या सज्जात जा. हा सज्जा घुमटाच्या आतून गोल फिरतो आणि समोरचं टोक जवळजवळ ३८ मीटर दूर. खाली बघितलं तर मुहम्मद आदिलशहाच्या कबरीचा चौथरा एवढासा दिसतो. तो १६५६ साली गेला, म्हणजे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्याच साली. एवढ्या मोठ्या दालनात मधे एकही खांब नाही. भार एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींवर घेतलाय, त्या वर बघून मोजा.

कुजबुजीची रीत अशी. दोघींनी बरोबर समोरासमोरच्या टोकांना जायचं आणि पाठ मधल्या पोकळीकडे, तोंड भिंतीकडे करायचं. भिंतीपासून वीतभर अंतरावर तोंड ठेवून हळू बोलायचं. आवाज गोल भिंतीला धरून घसरत पुढे जातो, म्हणून पलीकडे कान लावलेल्या बाईला शेजारी बोलल्यासारखं ऐकू येतं. बहुतेक लोक पोकळीकडे तोंड करून मोठ्याने ओरडतात. मग आवाज चहूकडून आपटून परत येतो आणि सगळा गोंधळ. एकीचं बोलून होईपर्यंत दुसरीने बोलायचं नाही. हात वर केला की माझं झालं, एवढी खूण ठरवा. टाळी मात्र एकच वाजवा आणि मोजा, किती वेळा परत येते ते.

वाढदिवसाचं गाणं तिथे अख्खं म्हणू नका, पहिली ओळ पोचायच्या आत दुसरी तिच्यावर चढते. आईने एका टोकाला भिंतीला कान लावून उभं राहावं, आणि वर आलेल्या बाकी पाचजणींनी एकामागून एक समोरच्या टोकाला जाऊन जे सांगायचं ते सांगावं. केक, मेणबत्ती, खाणं आत काही चालत नाही, म्हणून तो विषय लॉजवर.

दुपारी खानावळीत जेवा, अडीचच्या आत. नंतर भाकरी संपते आणि भात पुढे करतात. कडक भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही. आपल्यासारखंच, तिखट जरा पुढचं. दात ढिले असतील त्यांनी मऊ भाकरी मागून घ्यावी. दुपारभर झोप, संध्याकाळी बारा कमानीची बाग आणि मग बाजार. बेदाणे घ्या. चपला विजापुरात नको, त्या अथणीच्याच.

पुढचं बाबांसाठी. आई, तू वाचलंस तरी चालेल, तशीही वाचणारच.

बाबा, साठ दिव्यांचं औक्षण करायचं शिवणवाल्या मावशींच्या मनात आहे. त्यांना हे वाचून दाखवा. दिवे कणकेचे करावेत, मातीचे नकोत, प्रवासात फुटतात. एक किलो कणीक, दोन चमचे हळद, दोन चमचे तेल, पाणी बेताचं. पुरीपेक्षा घट्ट मळायची. ६० च्या जागी ६५ करा, चारपाच चिरतातच. मोदकपात्रात १२ ते १५ मिनिटं वाफवले की घट्ट होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, वाफ धरली की चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. निघायच्या आदल्या रात्रीच करा, त्याआधी नको. फुलवाती तुपात भिजवून स्टीलच्या डब्यात थिजवून न्या; दिव्याला अर्धा चमचा धरला तर तूप दीडशे ग्रॅम पुरतं. तिथे नुसतं तूप ओतायला गेलं तर थंडीत गोठलेलं असतं.

साठही दिवे एका ताटात लावून ओवाळायचं नाही. धग तोंडावर येते आणि पदराचं भय. दिवे पाटाभोवती तीन ताटांत वीस-वीस मांडा, ओवाळायला निरांजनाचं एकच तबक. खोलीत नको, पडदे आणि गाद्या असतात. लॉजवाल्याला आधीच विचारून गच्चीवर, टाकीच्या आडोशाला. उघड्यावर वाऱ्याने निम्मे विझतात. शेजारी पाण्याची बादली. बायकांनी सुती साड्या नेसाव्यात. क्रीमचा केक बेळगावहून नेऊ नका, पाच तासांत बसतो. कुंदा न्या, अर्धा किलो आठजणींना पुष्कळ झाला.

हिशेब एकीकडेच ठेवा. माणशी तीन हजार आधी जमा, उरलं तर परत. आईने हिशेब ठेवायचा नाही, डबे करायचे नाहीत आणि कुणाची औषधं लक्षात ठेवायची नाहीत. हे मावश्यांना तुम्हीच सांगा, आई सांगणार नाही.

तुमच्या जेवणाचं शेजारच्या काकूंशी बोलून घेतलंय, दोन्ही वेळचा डबा येईल, रात्रीचा साडेसातला. दूध एकच पिशवी घ्या. आईला दिवसातून एकदाच फोन करा, रात्री नऊनंतर. घुमटात असताना फोन वाजला तर सगळ्या विजापूरला ऐकू जाईल. आठहीजणींच्या आधारच्या दोन-दोन झेरॉक्स आणि प्रत्येकीच्या घरचा एक नंबर एका कागदावर लिहून, एक प्रत ड्रायव्हरकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा. टेम्पोवाल्याचा ठोक भाव आला की मला पाठवा, हो म्हणायच्या आधी.

तुमची,
थोरली