जलपर्णी काढली, पण धातूंचे काय?

महोदय,

सांडपाण्यातील शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे जड धातू काढण्यासाठी केळीची साल, नारळाचा काथ्या, उसाची चिपाडे, भाताचे तूस अशा साध्या गोष्टी उपयोगी पडतात, असे हल्ली वरचेवर वाचायला मिळते. हे खरेच आहे. मात्र या उपायाचा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका आहे. विद्यार्थ्यांकडून मी दरवर्षी एक प्रयोग करून घेत असे. केळीची साल कडकडीत वाळवून कुटायची, पाण्याला उतरणारा तपकिरी रंग जाईपर्यंत धुवायची आणि मोरचुदाच्या (तांब्याच्या निळ्या क्षाराच्या) अगदी सौम्य द्रावणात तासभर ढवळत ठेवायची. गाळलेल्या पाण्यात अमोनिया घातला की एरवीचा गडद निळा रंग न येता जेमतेम निळसर झाक दिसे, कारण सालीतील पेक्टिन व सेल्युलोजने तांबे धरून ठेवलेले असे. ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ मध्ये नदीच्या पाण्यातील तांबे आणि शिसे याच सालीने वेगळे करून दाखवले आणि तीच साल अकरा वेळा वापरली. मुले खरी थक्क होत ती मात्र पुढच्या टप्प्यावर. गाळणकागदावरच्या त्याच भुकटीवर सौम्य आम्ल ओतले आणि खाली उतरलेल्या पाण्यात पुरेसा अमोनिया घातला, की निळा रंग पुन्हा हजर! तांबे कुठेही गेलेले नसे.

पवना, मुळा-मुठा, पंचगंगा या नद्यांवर पसरणाऱ्या जलपर्णीलाही हेच लागू पडते. तिची मुळे पाण्यातील धातू शोषून घेतात, त्यामुळे ती वेळेवर काढली तर नदीचे भलेच होते. आमच्या घाटावर मात्र काढलेली जलपर्णी काठावरच ढीग करून ठेवली जाते, उन्हात कुजते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिचा काळा चिखल पायऱ्यांवरून परत पात्रात उतरतो. काही ठिकाणी तिचे खत करण्याचा आग्रह धरला जातो. धातूंची तपासणी न करता असे खत भाजीच्या वाफ्यात घालणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. पिण्याच्या एक लिटर पाण्यात कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. इतक्या सूक्ष्म मात्रेचा जिथे प्रश्न आहे, तिथे अंदाजाने चालत नाही.

खरे तर या वनस्पतिजन्य पदार्थांची जागा नदीत नसून प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, कारखान्यातून सांडपाणी बाहेर पडते त्या तोंडाशी आहे. तिथे कोणता धातू किती आहे हे माहीत असते आणि पाण्याची आम्लता हवी तशी राखता येते. ती राखावीच लागते, कारण शिसे व कॅडमियम सौम्य आम्लधर्मी पाण्यात चांगले धरले जातात, तर षट्संयुजी क्रोमियम या क्रोमियमच्या विषारी रूपाला तीव्र आम्लधर्मी पाणी लागते. धातूने भरलेला भुसा आम्लाने धुऊन धातू परत मिळवावा. ते परवडत नसेल, तर तो रांजणगाव किंवा तळोजा येथील घातक कचऱ्याच्या केंद्रात जावा.

जलपर्णी काढण्याच्या निविदेतच ती काठावर न टाकण्याची, तिच्यातील धातूंची तपासणी करण्याची आणि तो अहवाल नागरिकांसाठी जाहीर करण्याची अट घालावी, ही संबंधित यंत्रणांना कळकळीची विनंती. पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी एवढे नक्कीच करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, चिंचवड