'आफ्टर'वर लाल रेघ मारू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शाळा-परीक्षांच्या बातम्या नेहमी येतात म्हणून तुम्हालाच लिहितेय, पत्र थोडं लांब झालंय पण प्लीज पूर्ण वाचा. मी फैजपूरला राहते, घरीच आठवी ते दहावीच्या पोरांचा इंग्लिशचा क्लास घेते, १२ वर्षं झाली.

मागच्या महिन्यात नववीतली एक मुलगी चाचणीचा पेपर घेऊन आली, तोंड एवढंसं झालेलं. चेंज द व्हॉइसचा, म्हणजे ॲक्टिव्ह (कर्तरी) वाक्य पॅसिव्ह (कर्मणी) करायचा प्रश्न होता, वाक्य होतं 'द ग्रँडमदर लुक्ड आफ्टर द बेबी'. तिने लिहिलं, 'द बेबी वॉज लुक्ड आफ्टर बाय द ग्रँडमदर'. एकदम बरोबर उत्तर. पण 'आफ्टर'वर लाल पेनाने आडवी रेघ, अर्धा मार्क कट आणि बाजूला बारीक अक्षरात 'दोन प्रिपोझिशन एकत्र येत नाहीत'. त्या पोरीने तेवढ्या जागेवर अंगठा फिरवून फिरवून कागद पार मळवून टाकला होता. मला म्हणे मॅडम, मी तर अर्थ बघून लिहिलं होतं.

मार्काचं मला एवढं नाही वाटत, पण त्यानंतर काय झालं ते सांगते. पुढचे आठ दिवस ती पोरगी पॅसिव्ह करताना प्रत्येक ठिकाणी तो छोटा शब्द गाळायला लागली, 'द मॅच वॉज कॉल्ड', 'द फायर वॉज पुट', म्हणजे मॅच रद्द केली ('कॉल्ड ऑफ') ऐवजी मॅचला हाक मारली आणि आग विझवली ('पुट आउट') ऐवजी आग ठेवली. जे येत होतं तेही गेलं. शाळेत जाऊन भेटले तर समोरच्यांनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाले उत्तरांच्या कीमध्येच असं आहे, आम्ही काय करणार. त्यांच्यापुढे एवढाले गठ्ठे असतात तपासायला, ते मला दिसतं, पण चुकीची की पिढ्यानपिढ्या चालू राहिली तर पोरांनी कोणाकडे बघायचं?

आता मुद्दा. 'लुक' म्हणजे बघणं, पण 'लुक फॉर' म्हणजे शोधणं आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. म्हणजे तो 'आफ्टर' सुटा शब्द नाहीच, तो क्रियापदाचाच तुकडा आहे, आणि 'बाय' हा आजीचा, काम कोणी केलं ते सांगणारा. दोघं शेजारी आले एवढंच, दोघांची कामं वेगळी. 'आफ्टर' काढला तर 'द बेबी वॉज लुक्ड बाय द ग्रँडमदर' उरतं, आणि त्याला इंग्लिशमध्ये काही अर्थच नाही. दोन सोडा, तीन पण ओळीने येतात, 'द पुअर आर लुक्ड डाउन अपॉन बाय सम पीपल', म्हणजे गरिबांना काही लोक कमी लेखतात, हे शंभर टक्के बरोबर वाक्य आहे.

आणि हे आपल्याला परकं नाही हो. तुमच्याच पेपरात दर पावसाळ्यात मथळा असतो 'परीक्षा पुढे ढकलली'. कोणी 'परीक्षा ढकलली गेली' असं छापतं का? 'पुढे' काढला तर वाचणारा विचारेल, कुठे ढकलली, विहिरीत का? 'जुनी बस मोडीत काढली गेली' मधला 'मोडीत' काढून बघा, 'सूचना लक्षात घेतली गेली' मधला 'लक्षात' काढून बघा. मराठीत हे पोरांना कोणी शिकवत नाही, ती बरोबरच बोलतात. आमच्याकडची पोरं घरी लेवा गणबोली बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी, आणि कुठे काय बोलायचं ते त्यांना बरोबर कळतं, त्यांच्या डोक्यात कमी काही नाहीये. 'परीक्षा पुढे ढकलली गेली' वरून 'द एक्झाम वॉज पुट ऑफ'वर नेलं की दहा मिनिटांत डोक्यात बसतं, मी स्वतः करून बघितलंय.

गंमत म्हणजे 'पोस्टपोन' म्हटलं की कोणी चुकत नाही. तोही मुळात तसाच शब्द, लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणं, फक्त तिथे तुकडा आधी आणि चिकटलेला, म्हणून गाळता येत नाही. 'पुट ऑफ'मधला 'ऑफ' मोकळा दिसतो म्हणून त्याच्यावर रेघ मारायला हात जातो.

पॅसिव्ह खरं तर ॲक्टिव्हपेक्षा सोपं आहे. ॲक्टिव्हमध्ये 'दे कॉल्ड ऑफ द मॅच' पण चालतं, 'दे कॉल्ड द मॅच ऑफ' पण चालतं, आणि 'इट' आलं की मधेच घालावं लागतं, 'दे कॉल्ड इट ऑफ'. 'लुक आफ्टर'ला मात्र मधे काही घालता येत नाही, पोरं इथे गोंधळतात. पॅसिव्हमध्ये ही भानगडच संपते, 'वॉज कॉल्ड ऑफ', 'वॉज लुक्ड आफ्टर', क्रियापद आणि त्याचा तुकडा जवळ जवळ, 'बाय' लागलाच तर त्याच्यानंतर.

दुसरी एक भीती पोरांच्या मनात असते की वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं म्हणजे वाक्य अर्धवट. आमच्या गल्लीत घरफोडी झाली होती, एका पोराने निबंधात लिहिलं 'अवर नेबर्स हाउस वॉज ब्रोकन'. मी वाचलं तर वाटलं भिंतच पडली की काय! 'वॉज ब्रोकन इन्टू' पाहिजे. घर उचलून वाक्यात पुढे नेलं तर 'इन्टू'च्या मागची जागा रिकामी राहणारच, त्यात चूक काही नाही.

मला सगळ्यात चांगला अनुभव आला तो केळीवरून. आमच्या यावल-रावेरकडे केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की रोगट झाडं उपटून टाकावी लागतात, नाहीतर मावा कीड तो रोग बाकीच्या झाडांवर नेतो. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी ते काम घरच्या शेतात केलेलं. मी फळ्यावर लिहिलं 'द प्लँट्स वर पुल्ड' आणि विचारलं, झालं का काम? मागच्या बाकावरचा पोरगा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, मॅडम ही तर नुसती ओढली, उपटली कुठे? मग स्वतःच उठून पुढे आला आणि खडूने 'आउट' लिहिला. मला खरंच भरून आलं.

हां, सगळ्यांचं पॅसिव्ह होत नाही, हे पण सांगायला पाहिजे. ज्याला कर्मच नाही त्याचं काय करणार? 'द बस ब्रोक डाउन नियर चोपडा', याचं पॅसिव्ह नाही. 'आय वॉज ग्रोन अप इन भुसावल' असं इंटरव्ह्यूला जाणारी मोठी मुलं पण बोलतात, ते चूक, 'आय ग्रू अप' म्हणा किंवा 'आय वॉज ब्रॉट अप' म्हणा, कारण वाढतो आपण स्वतः आणि वाढवतं दुसरं कोणीतरी. 'शी टेक्स आफ्टर हर मदर', म्हणजे ती आईवर गेलीय, याला कर्म दिसतं तरी त्याचं पॅसिव्ह कोणी बोलत नाही, आणि सरावाला असली वाक्यं देऊ नयेत.

शिक्षकांना एकच विनंती, रेघ मारायच्या आधी तो शब्द काढून वाक्य एकदा मोठ्याने वाचा आणि मराठीत अर्थ लावा. अर्थ बदलला किंवा नाहीसा झाला तर तो शब्द बहुतेक क्रियापदाचाच आहे, त्याला हात लावू नका. गाइडवाल्यांनी पण उत्तरांची की एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावी.

आणि तुम्हाला विनंती अशी की पुढची चाचणी दिवाळीआधी आहे, त्याच्या आत तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर 'द बेबी वॉज लुक्ड आफ्टर बाय द ग्रँडमदर' हे वाक्य आहे तसं छापा. छापलं तर मी ते कात्रण त्या मुलीच्या पेपराला पिन करून परत शाळेत घेऊन जाणार आहे.

आपली,
एक क्लासवाली
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव