पाय थांबला पाहिजे

अंबाजोगाई

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मालिकेचे संवाद लिहायचं काम मिळालं," आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही, कारण बाबांनी फोन हातातून घेतला. त्यांनी पगार विचारला, राहायचं कुठं ते विचारलं. मला जे विचारायचं होतं, सांगायचं होतं, ते राहिलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून आज सकाळी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून लिहायले.

तुला माहीत आहे, माझी मशीन टीव्हीच्या समोर आहे. पण डोळे सुईवर असतात. टीप वाकडी गेली तर कापड दुसऱ्याचं. त्यामुळं इतक्या वर्षांत मी मालिका बघितल्या कमी, ऐकल्या जास्त. माझ्यासारख्याच बाकीच्या. रात्री आठ वाजता कोणती बाई हात मोकळे ठेवून बसलेली असते? कोणी भाकरी थापायली असते, कोणी मेथी निवडायली, कोणी लेकराचे पाढे घ्यायली. म्हणून तर मालिकेत माणूस आधी समोरच्याचं नाव घेतो आणि मग बोलतो, आणि घडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा सांगितली जाते. शिकलेली माणसं याला नावं ठेवतात. तू ठेवू नकोस. पाठ फिरवून चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला गोष्ट कळावी म्हणून ते केलेलं असतं. त्यात कमीपणा नाही.

पण माझं एक माप आहे, तेवढं ध्यानात ठेव. चांगला प्रसंग आला की माझा पाय पायडलवर थांबतो. मी ठरवून थांबवत नाही, तो आपोआप थांबतो. पाय थांबला तो प्रसंग खरा. बाकी दिवसभर कोणी कितीही रडो, टीप चालूच राहते.

पहिल्यांदा पाय थांबला ते 'आभाळमाया'ला. अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, १९९९ साली सुरू झालं, तू तेव्हा मशीनखाली चिंध्यांत खेळायचीस. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आवाज चढवायची नाही. घरात नवऱ्याचं दुसरं नातं कळलेलं, तरी ती हळू बोलायची. आणि हळू बोललेलं मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नाही ना, म्हणून पाय थांबवावाच लागायचा. आजकाल सगळे ओरडतात. एक वाक्य झालं की वीज कडाडल्यासारखा आवाज, मग घरातल्या सात माणसांचे चेहरे एकेक करून. ते सात चेहरे होईस्तोवर माझी एक बाही लावून होते. तू लिहिशील तेव्हा महत्त्वाचं वाक्य हळू बोलायला दे. बाया कान देतील, मी सांगते.

त्याआधी सह्याद्रीवर 'दामिनी' होती, मराठीतली पहिली रोजची मालिका. प्रतीक्षा लोणकर तिची नायिका, आपल्या औरंगाबादच्या नाटकातून पुढं आलेली. ती पेपरात काम करायची, खोटं बोलणाऱ्याला तोंडावर विचारायची. तुझी आजी म्हणायची, "ही पोरगी घरी कधी जाती गं?" आणि तरी रोज बघायची. आजीनं 'महाभारत' शेजाऱ्यांकडं चप्पल बाहेर काढून, पदर घेऊन बघितलेलं. १९८८ च्या दसरा-दिवाळीत मी नवी नवरी होते. रविवारी सकाळी गल्लीत चिटपाखरू नसायचं. त्या मालिकेचे भाग किती माहीत आहे? चौऱ्याण्णव. आख्खं कुरुक्षेत्र चौऱ्याण्णव भागांत झालं आणि संपलं.

आता माझं खरं भांडण इथं आहे. 'चार दिवस सासूचे' सुरू झाली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस, संपली तेव्हा दहावीला. तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींचं काम मला फार आवडायचं, आजही आवडतं. पहिली तीन-चार वर्षं मी एक दिवस सोडला नाही. पण नंतर नंतर कोण कोणाचा कोण हेच उलटंपालटं व्हायला लागलं आणि मला वाईट वाटायचं, कारण ज्या बाईवर आपण जीव लावला तिला उगीच चालवत ठेवलेलं असतं. 'होणार सून मी ह्या घरची'चंही तसंच. जान्हवी आम्हाला घरच्या पोरीसारखी होती. तिच्यासारखं मंगळसूत्र मंडईत मिळायला लागलं होतं, तिच्या साडीवरचं ब्लाऊज शिवून द्या म्हणून माझ्याकडं बाया यायच्या. आणि तिचं बाळंतपण इतकं लांबवलं, की ज्या गिऱ्हाइकाचं मी डोहाळजेवणाचं ब्लाऊज शिवलं तिचं लेकरू रांगायला लागलं. लोक हसले. मला हसू आलं नाही. लेकरू होणं ही बाईच्या जन्मातली केवढी गोष्ट, तिला ताणून पातळ केलं.

तू सांगितलंस की गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि आकडे पडले की गोष्ट वळवतात. पोटाचा धंदा आहे, मला कळतं. मीही गिऱ्हाइकाच्या मापानंच शिवते. पण कापड किती आहे ते आधी बघते. दीड मीटरमधे घेरदार ड्रेस निघत नाही, ओढून निघत नाही, उसवतो.

बाबांच्या मॅचचं मी कौतुक का करते ते आता तुला कळेल. तुला वाटायचं मी त्यांच्यासाठी रिमोट सोडते. तसं नव्हतं. मला मॅच आवडते कारण ती संपते. शेवटची ओव्हर कोणाला वाढवता येत नाही. आणि काय होणार ते बॉलिंग करणाऱ्यालाही माहीत नसतं.

२००७ ची विसाविसा ओव्हरची वर्ल्डकप फायनल आठवते तुला? २४ सप्टेंबर. तू नऊ वर्षांची, गौरी-गणपतीचे दिवस. पाकिस्तानला शेवटच्या ओव्हरमधे तेरा रन पाहिजे होते, मिसबाह खेळत होता, बॉल जोगिंदर शर्माच्या हातात. मिसबाहनं सिक्स मारला आणि लाईट गेली. त्या वर्षी भारनियमन तसं रोजचंच होतं, पण ते त्या क्षणाला! बाबा उठून मेन स्विच बघायला लागले, जसं काय आपल्याच घरची गेलीय. मी मेणबत्ती शोधत होते, काडीपेटी सापडेना. तू अंधारात माझा पदर धरून विचारत होतीस, "आई, जिंकले का?" कोणी काही बोलेना. मग योगेश्वरीच्या देवळाकडून एक फटाका वाजला. एकच. बाबा म्हणाले, "एकावर काही सांगता येत नाही." मग दुसरा, मग लडच्या लड. श्रीशांतचा तो कॅच आपण दुसऱ्या दिवशी बातम्यांत पाहिला. पाच रननी जिंकलो होतो. त्या अंधारातल्या पहिल्या आणि दुसऱ्या फटाक्यामधल्या शांततेइतकं मला कुठल्याच मालिकेनं धरून ठेवलं नाही. मालिकेत तिथं ढोल वाजवले असते. रिकामी जागा ठेवायला शीक माझ्या बाई.

आणि २०२५ च्या २ नोव्हेंबरची आपल्या पोरींची वर्ल्डकप फायनल. पावसानं उशिरा सुरू झाली, संपेस्तोवर बारा वाजून गेले. समोरच्या वहिनी, त्यांची सून, सगळ्या आपल्याकडं. शफाली आधी संघातच नव्हती. प्रतिकाचा पाय दुखावला म्हणून तिला बोलावलं आणि तिनं ८७ काढले. दीप्तीनं ५८ काढून पाच विकेट घेतल्या. शेवटचा कॅच हरमनप्रीतनं मागं पळत पकडला आणि मशीनवर अर्धं अस्तर तसंच राहिलं. नंतर ती कोच अमोल मुजुमदारांच्या पाया पडली आणि दोघं मिठी मारून रडले. तो माणूस मुंबईकडून इतकी वर्षं ढीगभर रन काढत राहिला, देशाकडून एक मॅच मिळाली नाही. त्या रडण्याला कोणी संवाद लिहिला नव्हता. प्रतिका चाकाच्या खुर्चीवर मैदानात आली, सगळ्यांबरोबर हसत होती. समोरची सून सहा महिन्यांपासून आपल्याकडं येते, सासूपुढं तोंड उघडत नाही. ती त्या रात्री सासूच्या गळ्यात पडली. सासूनंही तिला ढकललं नाही. असं लिही.

मॅचवाल्यांचंही सगळं बरं चाललंय असं नाही. विकेट पडली की माणसाचा चेहरा बघू देत नाहीत, लगेच जाहिरात. आणि ते पैसे लावायचे ॲप. संघ बनवा, करोडपती व्हा म्हणून मोठे मोठे खेळाडू सांगायचे. २०२५ च्या ऑगस्टमधे कायदा करून पैशाचे खेळ बंद केले ते फार चांगलं झालं. फार आधी व्हायला पाहिजे होतं.

आता सगळ्यात मनातलं.

'रात्रीस खेळ चाले' आली, कोकणातली भाषा घराघरात गेली. 'लागिरं झालं जी'नं सातारा आणला, 'तुझ्यात जीव रंगला'नं कोल्हापूर. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची, ती बिनधास्त "करून राहिली" म्हणायची आणि मला तिचा अभिमान वाटायचा. आपलं मराठवाड्याचं "करायली", "यायली" कुठंय? मी कान लावून बसते. आपली भाषा आलीच तर घरगड्याच्या तोंडी नाही तर हसवायला. नायिकेच्या तोंडी मी ऐकली नाही. आमच्याकडच्या बाईला प्रेम करता येत नाही का? तिला राग गिळता येत नाही?

माझ्याकडं दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्या बाया येतात, ते तू लहानपणापासून बघितलंस. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, हातात आलेली असते, कारखान्याला निघायचं असतं. त्या ब्लाऊजला लटकन मागत नाहीत. बाही कोपरापर्यंत पाहिजे, उसाचं पातं हात कापतं म्हणून. काखेत कापड सैल पाहिजे, कोयता उचलता यावा म्हणून. आणि आतून एक खिसा. त्यात मोबाईल ठेवते असं म्हणतात, पण गेल्या वर्षी एकीनं सांगितलं, "त्यात लेकीचा फोटो ठेवते, तिला आजीपाशी ठिवून चालले." माझा पाय थांबला होता, टीव्ही बंद होता. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात, एवढ्यावरच तुझे शंभर भाग होतील. शंभर. हजार नको.

२०१६ च्या एप्रिलमधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात हायकोर्टानं सांगितलं की एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्या, मैदानाला पाणी कशाला. बाबा म्हणाले, बरोबर झालं. मलाही तसंच वाटलं. खेळाच्या मैदानावर दुष्काळ पोचला, कोणीतरी त्याची दखल घेतली. पण त्या उन्हाळ्यात मी रोज रात्री ज्या मालिका ऐकायचे, त्यांतल्या एकाही घरात रिकामा हंडा वाजला नाही. टँकरच्या रांगेत कोणाचं भांडण झालं नाही, पाण्यावरून कोणाची सोयरीक मोडली नाही. आपल्या गल्लीत तर त्या एका महिन्यात तिन्ही झालं. तू अठरा वर्षांची होतीस, रांगेत तूच उभी राहायचीस. तुला ते शोधायला कुठं जावं लागणार नाही.

आणि अविनाश साबळे. आपल्याच जिल्ह्यातला, आष्टीच्या मांडव्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, पळाला तेव्हा आठ मिनिटं अकरा सेकंद मी सुईला हात लावला नाही. केनियाच्या माणसाच्या मागं शंभरातले पाच भाग एवढ्या सेकंदानं राहिला. चांदी मिळाली. त्याची आई काय करत असेल त्या वेळी, हाच विचार माझ्या मनात. कॅमेरा तिच्याकडं जाणार नव्हता, तो मैदानावर होता. तिच्याकडं जायचं काम तुमचं आहे.

वरिष्ठ जे सांगतील ते ऐक, पहिल्या दिवसापासून वाद घालू नकोस. पण एखाद्या पात्राच्या तोंडी एक "यायली" सरकवता आली तर सरकव. तुझं लिहिलेलं कोणत्या दिवशी लागणार ते मात्र मला आधी कळवू नकोस. मी नेहमीसारखी शिवत बसेन.

शेंगदाण्याची चटणी आणि दोन ब्लाऊज पार्सलनं पाठवलेत. हिरव्याला आतून मार्जिन ठेवलंय, तब्येत सुधारली तर उसवून घे. तिकडच्या पाण्यानं केस गळायले म्हणालीस, उकळून गार केलेलं पाणी घेऊन बघ. बाबा विचारतात, मुंबईत भारनियमन नाही ना.

तुझी
आई